सहा घरांचं रिव्हॉल्व्हर

मला आवडणाऱ्या पडद्यावरच्या सगळ्या गुप्तहेरांकडे आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर असतं. लांब बंदुका खांद्याला लावून फिरणारे मला आवडत नाहीत. ते आधी गोळ्या घालतात आणि विचार मग करतात, पुष्कळदा करतच नाहीत. आखूड नळीवाल्याचं तसं नसतं. लांबून त्याचा नेम लागत नाही. त्याला माणसाच्या जवळ जावं लागतं, त्याच्या डोळ्यांत बघून बोलावं लागतं. चाप ओढायची वेळ आलीच तर तो एकदाच ओढतो, माणूस पडतो, रक्ताचा एक डाग दिसतो आणि पुढच्या प्रसंगात लादी लख्ख पुसलेली असते. माझ्या घरातली लादी जन्मभर मीच पुसत आले, त्यामुळे मला त्या लादीचं फार कौतुक.

आमच्या तिघींचे तीन लाडके होते. तिघी म्हणजे मी, माझी शेजारीण आणि शेजारणीची आई. गुप्तहेरांची खरी नावं जिभेवर बसत नसत, म्हणून आम्ही आपली ठेवली होती. टोपीवाला जुन्या काळ्यापांढऱ्या मालिकेतला. तो रिव्हॉल्व्हर पिठाच्या डब्यात लपवायचा आणि त्यानं गोळी झाडली की धुरापेक्षा पीठच जास्त उडायचं. पिशवीवाली ही कुठल्याशा परदेशी बंदरातली विधवा. लोकरीच्या पिशवीत विणायच्या सुया आणि त्यांच्याखाली ते. तिसरा बंगाली मालिकेतला पेन्शनर. तो रिव्हॉल्व्हर गमछ्यात गुंडाळून ठेवायचा आणि बाहेर काढायच्या आधी चष्मा पुसायचा. त्याची भाषा आम्हाला अर्धीमुर्धीच कळायची, पण तो चष्मा पुसायला लागला की आता कुणीतरी मरणार हे कळायला भाषा कशाला लागते?

आमच्या ह्यांना आमचं हे वेड अजिबात पटत नसे. हे कस्टम्समध्ये, कोलकात्याला खिदिरपूरच्या गोदीत. मागे दुसऱ्या एका बंदरात असताना ह्यांनी कुणाचा तरी माल पकडला होता आणि माणसं आमच्या घराचं दार फोडून आत आली होती. तेव्हापासून ह्यांच्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं, तसलंच, आखूड नळीचं. ते लोखंडी कपाटात असायचं, गोळ्या दुसऱ्या खणात, आणि दोन्ही किल्ल्या ह्यांच्या कमरेला. पडद्यावर कुणी एका हातानं गोळी झाडली की हे पेपरामागून म्हणायचे, "मनगट जाईल त्याचं." किंवा म्हणायचे, "खोलीत झाडलीस ना, तर तास दोन तास काही ऐकू येत नाही. हा गाणं काय ऐकतोय लगेच?" ह्या माणसाला खोटं बोललेलं सहन होत नाही, मग ते सिनेमातलं का असेना. सबंध नोकरी ह्यांनी अशीच काढली आणि म्हणूनच आमच्या इतक्या बदल्या झाल्या.

बेहालाच्या ह्या इमारतीत आम्ही आलो तेव्हा शेजारच्या फ्लॅटवर मराठी आडनाव बघून मला कोण आनंद झाला होता. नवरा एका खासगी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बोलणं मिठास. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन हाच करायचा, बायकांना खुर्च्या हाच आणून द्यायचा, आणि त्याच्या तोंडून "काकू" ऐकलं की साखरेची पोती रिती व्हावीत. ती सांगलीची, माझ्या मुलीच्या वयाची. भाऊ नाही, वडील गेलेले. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा सांगलीचं घर विकून ह्यानं दोघींना इथं आणलं. घराचे पैसे कुठे गेले ते तिला कधी कळलं नाही. सगळे म्हणाले, काय जावई आहे बघा, सासूला सांभाळतो.

आईंचा उजवा हात आणि वाचा गेली होती. शब्द एकच उरला होता, "बघ." भूक लागली की बघ, कावळा आला की बघ, टोपीवाल्यानं पिठाच्या डब्यात हात घातला की डाव्या हातानं चाकाच्या खुर्चीच्या दांड्यावर टकटक करून बघ. मला वाटायचं, बिचारीचं डोकं रिकामं झालंय आणि आत एक शब्द तेवढा फिरत राहिलाय.

तो ऑफिसला जाई तेव्हा दुपारी जेवणं उरकली की शेजारीण आईंची खुर्ची ढकलत आमच्याकडे यायची. आम्ही तिघी चार वाजेपर्यंत खून बघायचो. मग त्याच्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि आमची दुपार संपली. त्यानं नियमच केला, दोघी एकदम घराबाहेर जायचं नाही. ती आली तर आई घरात, आई आल्या तर ती घरात. तो हे हसत सांगायचा. "आईंना सोबत नको का, काकू?"

आमचं स्वयंपाकघर आणि त्यांची निजायची खोली यांच्यात एकच भिंत आहे. पडद्यावर कुणी थोबाडीत दिली की फटाका वाजल्यासारखा आवाज येतो. खरा आवाज तसा नसतो. कणीक परातीत आपटावी तसा असतो, बसका आणि ओला. त्यामागून त्याचं बोलणं यायचं, हळू, समजावणीच्या सुरातलं. मारतानाही तो आवाज चढवत नसे. एकदा तिचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा माझ्या मांडणीवरचा पितळी डबा सरकला. मी वरवंट्यानं भिंत ठोकली आणि तशीच पदर खोचून जाऊन बेल वाजवत राहिले. दार त्यानंच उघडलं, हसतमुखानं. "काय काकू, विरजण हवंय का?" त्याच्या मागे ती उभी होती, ओठ फाटलेला. म्हणाली, "दार लागलं, काकू." ते दार तिला फार लागायचं. कानाला, बरगड्यांना, एकदा तर मांडीच्या आतल्या बाजूला.

असं नाही की कुणाला सांगितलं नाही. मी पोलीस बोलावले होते. ते आले, त्याच्याकडे चहा प्यायले आणि घरातलं घरात मिटवा म्हणून निघून गेले. ती मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंकडे जाऊन रडली. बाईंनी तिला सांभाळून घ्यायला सांगितलं आणि त्याला फोन करून सगळं कळवलं. त्या रात्री त्यानं तिचं उजवं मनगट मोडलं. चार दिवसांवर नवमी आली होती.

तिला निसटायचंच होतं. मी म्हटलं होतं, तू नुसती माझ्या घरात ये आणि दार लाव, पुढचं आम्ही बघतो. ती म्हणाली, "मी आले तर तो आईला संपवेल, काकू. उशी ठेवून सांगितलंय त्यानं." उशी ठेवून म्हणजे काय ते मला लगेच कळलं नाही. म्हणजे आईंच्या तोंडावर उशी ठेवून, थोडीशी दाबून, तिला बघायला लावून सांगितलं होतं. आई तेव्हा काय म्हणाल्या हे मी विचारलं नाही. त्यांना एकच शब्द येत होता.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. आमच्यात त्या दिवशी शस्त्रांची पूजा करतात आणि हल्ली कुणाकडे शस्त्रं नसतात, म्हणून ज्याच्यावर पोट चालतं ते पाटावर ठेवतात. कोलकात्यातली आमची दहाबारा मराठी घरं त्यासाठी आमच्याकडे जमतात, कारण खरंखुरं शस्त्र फक्त आमच्याकडे. मधोमध रिव्हॉल्व्हर, त्याच्याभोवती बँकवाल्याचा कॅल्क्युलेटर, डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोप, आयटीतल्या पोरांचे लॅपटॉप, गोदीतल्या इंजिनिअरचा हातभर पाना, माझी विळी. सगळ्यांना झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आयटीवाल्यांना ती सुट्टी फार आवडते.

पूजेआधी आमचे हे रिव्हॉल्व्हरची चक्री उघडून सगळ्यांना दाखवतात. सहाही घरं रिकामी आहेत, बघून घ्या. मग ती बंद करून पाटावर ठेवतात आणि मला बजावतात, "हळदकुंकू वरून लाव. आत जाऊ देऊ नकोस, गंजतं." मागे एका नवमीला शेजारच्यानं सगळ्यांसमोर त्यावर भाषण ठोकलं होतं. आमच्याबरोबर कधीतरी टोपीवाला बघून त्याला ज्ञान झालं होतं. "रिव्हॉल्व्हर रिकामं का भरलेलं हे समोरून कळतं. चक्रीची घरं दिसतात ना, गोळ्यांची टोकं असली तर भरलेलं. म्हणून कुणी समोर रिकामं रिव्हॉल्व्हर धरलं की टोपीवाला हसतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. तीही तिथंच उभी होती, वाटीत खीर घेऊन.

यंदा तो पूजेला आला नाही. अष्टमीला कुठेतरी प्यायला होता, डोकं दुखत होतं. पण मायलेकींना त्यानं पाठवलं, दोघींना एकदम, कारण पंधरा माणसं विचारणार, त्या का नाही आल्या म्हणून. तिच्या हाताला प्लास्टर. विचारणारे विचारत होते आणि ती सांगत होती, न्हाणीघरात घसरले. एक बाई तिला चिडवत म्हणाल्या, "तुझं शस्त्र कुठाय गं? लाटणं तरी आणायचं!" ती हसली. मला त्या बाईच्या कानशिलात द्यावीशी वाटली.

मी नळीला हळदकुंकू लावलं, वर फूल ठेवलं. आरतीच्या वेळी तिला म्हटलं, तुला टाळ्या वाजवता येत नाहीत, तू पाटाजवळ बस आणि कापराकडे लक्ष दे. आमची मंडळी आरतीला डोळे घट्ट मिटून उभी राहतात, जसं काही उघडे ठेवले तर देवी पैसे मागेल. आरती संपते न संपते तोच दारात तो. आत आला नाही. "आईंची औषधाची वेळ झाली," म्हणाला, सगळ्यांना नमस्कार केला आणि खुर्ची ढकलत घेऊन गेला. आईंनी मान वळवून मागे लेकीकडे बघितलं. त्याचं दार लागल्याचा आवाज मी ऐकला.

जेवणं झाली. पुरणपोळ्यांवर आडवा हात मारून मंडळी उठली. कोपऱ्यावरच्या दुर्गापूजेच्या मंडपात ढाक, म्हणजे बंगाल्यांचे ढोल, इतके जोरात वाजत होते की "येतो" म्हटलेलंही ऐकू येत नव्हतं. ह्यांनी दिवसभर पाटाशेजारी खुर्ची टाकून पहारा केला होता, पण इंजिनिअरच्या वृद्ध वडिलांना जिना उतरवायला हे गेले. शेजारीण ताट वाढून घेऊन निघाली होती, वर रुमाल झाकलेला. "त्यांना जेवण नेते, काकू." प्लास्टरच्या हातावर ताट, डाव्या हातानं खालून आधार. मी म्हटलं, तूप घे. ती म्हणाली, नको.

हे वर आले, पाटाकडे बघितलं आणि तिथंच थांबले. फुलांच्या मधोमध मोकळी जागा होती.

"अगं, कुठाय?"

मला एका क्षणात कळलं. मी ताटाचं सांगितलं आणि धावले, हे मागोमाग. धावताना पाटावरून जे हाताला लागलं ते उचललं. तो पाना होता, झेंडूचं फूल बांधलेला.

त्यांचं दार लोटलेलं होतं. खोलीत आई खिडकीपाशी खुर्चीत. तो सोफ्यावर, मांडीवर लॅपटॉप. पुरणपोळीचं ताट जमिनीवर व्यवस्थित ठेवलेलं. आणि ती त्याच्यासमोर उभी, अगदी जवळ, तिचा गुडघा सोफ्याला टेकलेला. रिव्हॉल्व्हर डाव्या हातात, खाली प्लास्टरचा आधार. आमचे तिघेही लाडके असेच उभे राहतात. पण त्यांच्या हाताला प्लास्टर नसतं.

तो हसत होता. "काय हे? काका पूजेला गोळ्या काढतात, सगळ्या जगाला माहीत आहे. दे इकडे."

"आईला घेऊन चाललेय मी," ती म्हणाली.

"दे म्हणतो ना."

तेव्हा आई खिडकीपाशी बसूनच म्हणाल्या, "बघ."

त्यानं बघितलं. त्याची नजर नळीच्या बाजूला गेली, चक्रीवर, आणि त्याचं हसू गालावरून हळूहळू उतरलं. मला दारातून फक्त त्याचं तोंड दिसत होतं. माणसाचं भय मी पडद्यावर हजारदा पाहिलंय, पण तिथं घाम लावलेला असतो. ह्याचे ओठ पांढरे पडले. त्यानं मान न हलवता आमच्या ह्यांना विचारलं, "काका, भरलेलं आहे?"

ह्यांनी स्वतः सकाळी सहा घरं रिकामी करून पंधरा माणसांना दाखवली होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. माझ्या मनात आलं, हा माणूस आता खरं बोलणार आणि ती मरणार.

"हलू नकोस," हे म्हणाले. "चाप फार हलका झालाय त्याचा."

बस्स, एवढंच. तो हलला नाही. मी आत जाऊन आईंच्या खुर्चीचे दांडे धरले आणि ढकलायला लागले. बाहेर ढाक तेवढे वाजत होते. दारापर्यंत आले आणि उंबऱ्याला चाक अडलं. मी जोर लावला, खुर्ची तिरकी झाली, आई एका बाजूला कलंडल्या. ती "आई!" म्हणून वळली. वळताना रिव्हॉल्व्हर प्लास्टरवर आपटलं आणि पांढऱ्या लादीवर काहीतरी पडलं. पिवळं, वर लाल ठिपका असलेलं, बोटाच्या पेराएवढं. हळदकुंकवाचा गोळा, ओल्या तांदळात मळलेला.

त्यानं तो गोळा बघितला. मग तिच्याकडे बघितलं. आणि उठला.

त्याच्याजवळ कुणी पोचायच्या आत त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली होती. काचेच्या कपाटात त्याच्या सूत्रसंचालनाची सन्मानचिन्हं होती, त्यावर त्यानं तिचं तोंड आपटलं. काच फुटली. परत आपटलं. रिव्हॉल्व्हर तिच्या हातातून त्याच्याकडे गेलं आणि तो त्याच रिव्हॉल्व्हरच्या मुठीनं तिच्या डोक्यात मारायला लागला, एका लयीत, खिळा ठोकावा तसं. आणि बोलत होता, त्याच हळू आवाजात, "मला बनवतेस? मला?" ह्यांनी त्याला मागून धरलं तर त्यानं कोपर मारून ह्यांना खाली पाडलं. ह्यांचा चष्मा घसरत कपाटाखाली गेला.

मी पहिला पाना त्याच्या पाठीत घातला. त्याला काही झालं नाही. माणूस एका फटक्यात पडतो ही सिनेमावाल्यांनी मारलेली सगळ्यात मोठी थाप. दुसरा मी नेम धरून घातला, रिव्हॉल्व्हर धरलेल्या मनगटावर. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं नाही, पान्याच्या दांड्यातून हाताला कळलं. सुपारी अडकित्त्यात तुटते तसं. तो "आई गं" म्हणून खाली बसला. मी तिसऱ्यांदा पाना उचलला, डोक्यावर. हे जमिनीवरून ओरडले, "पुरे! अगं, पुरे!"

मला तिसरा घालायचा होता. हे सगळ्यांना सांगताना मी ती ओळ गाळते, इथं गाळत नाही. तो खाली बसून स्वतःचं मनगट धरून लहान मुलासारखा रडत होता आणि मला आतून बरं वाटत होतं, तहान लागलेली असताना पाणी मिळावं तसं. अजूनही आठवलं की बरं वाटतं. ह्यांना ते आवडत नाही.

तिच्या डोक्याला आणि कपाळाला टाके पडले, खालचे दोन दात गेले. डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं. रक्त किती निघतं माणसाचं! साडीचा पदर भिजला, मग सोफ्याची गादी, मग मी कशानं तरी दाबत होते ते त्यांच्या जेवणाच्या टेबलावरचं कापड होतं. ह्या वेळी मात्र लादी मी पुसली नाही. पोलिसांनी पुसू नका म्हणून सांगितलं होतं. ती तशीच वाळली, पुरणपोळीच्या ताटाभोवती.

ह्या वेळी पोलिसांनी चहा घेतला नाही. एका तरुण हवालदारानं रिव्हॉल्व्हर हातरुमालात धरून मला विचारलं, "ये अंदर क्या भरा है?" मी म्हटलं, "हल्दी." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की आता मलाही आत घालतो. मग मी त्याला सगळं सांगितलं, नवमी, पाट, फुलं. त्यानं ते बंगालीत लिहून घेतलं, आणि मला वाटतं त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

घरी आल्यावर हे माझ्यावर उखडले. "आत जाऊ देऊ नकोस म्हटलं होतं ना तुला?" मी म्हटलं, अहो, मी नळीलाच लावलं होतं, आपल्या बायकांना माहीत आहे ना तुम्हाला, दिसेल तिथं बोटं लावतात, कुणीतरी घरंही भरली असतील. आणि भरली ते बरंच झालं की. ह्यांचा परवाना गेला, रिव्हॉल्व्हर गेलं, खात्यात चौकशी झाली. ह्यांनी चौकशीत सगळं जसंच्या तसं सांगितलं, चाप हलका असल्याचं खोटं बोललो हेसुद्धा. वरिष्ठांनी विचारलं, ते कशाला सांगताय? हे म्हणाले, विचारलंत म्हणून.

मंडळात दोन तट पडले. एक तट म्हणाला, एवढा सज्जन माणूस, काहीतरी कारण असणारच. ज्या ज्येष्ठ बाईंनी त्याला फोन करून कळवलं होतं त्या मला म्हणाल्या, "काही झालं तरी पूजेतलं शस्त्र दसऱ्याआधी उचलायला नको होतं तिनं." मी त्यांना विचारलं, मी उचललेला पाना दाखवू का? तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत आणि माझं त्यावाचून काही अडत नाही.

टाके सुकल्यावर ती आईंना घेऊन सांगलीला गेली. एका मैत्रिणीच्या शिवणवर्गात शिकवते, मागच्या खोलीत राहते. त्याच्यावर खटला चालू आहे, तो जामिनावर आहे, आणि शेजारच्या फ्लॅटला कुलूप आहे. मी अजून कधीकधी कणीक मळता मळता भिंतीकडे कान देते.

दुपारी आम्ही फोनवर एकमेकींना बघतो आणि दोघींकडे एकच मालिका लावतो. तिचा फोन शिवणयंत्राला टेकवलेला असतो, मागे आईंची खुर्ची दिसते. परवा टोपीवाल्याचा तोच भाग लागला. एक गुंड त्याच्यावर रिव्हॉल्व्हर रोखतो, टोपीवाला समोरून चक्रीकडे बघतो, घरं रिकामी दिसतात आणि तो हसतो. मी म्हटलं, "ह्याला कुणी हळदकुंकू लावलं नव्हतं."

तिनं शिवणयंत्र थांबवलं. मग म्हणाली, "काकू, तुम्ही फक्त नळीला लावलं होतं."

"हो गं. घरं कुठल्यातरी बाईनं..."

"मी भरली. आरतीला. तुम्ही मला कापराजवळ बसवलं होतं ना. ओल्या अक्षता घेतल्या, हळदीत मळल्या आणि एकेक घर भरलं. प्लास्टरमधून बोटांची टोकं तेवढी बाहेर होती, तेवढी पुरली. मग वर कुंकवाचे ठिपके लावले."

माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. पंधरा माणसं भोवती टाळ्या वाजवत होती. मी डोळे मिटून सगळ्यांत मोठ्यानं आरती म्हणत होते, तिच्या अगदी शेजारी उभी राहून. "अगं, कुणी बघितलं असतं म्हणजे?"

"आईनं बघितलं," ती म्हणाली. "ती आरतीला डोळे मिटत नाही. सहाही घरं भरून होईपर्यंत ती माझ्या हाताकडे बघत होती."

तिच्या मागे आई पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर. मी इतकी वर्षं समजत होते की त्यांना एकच शब्द उरलाय, म्हणून तो त्या कशालाही वापरतात. त्या दिवशी त्या खोलीत त्यांनी तो जावयासाठी वापरला होता.